ऊसबिल अडकल्यापासून दादाचं डोकं चालेना – ताणाच्या हार्मोनचा खरंच संबंध असतो का?

हिरण्यकेशीकाठ

नमस्कार. मी संकेश्वरजवळच्या एका खेड्यातली. सरळ विषयावर येते.

दादाचा ऊस गेल्या हंगामात तुटून गेला, बिल मात्र अजून पूर्ण आलेलं नाही. त्यात वहिनीच्या नावावर संघाचं कर्ज आणि दर आठवड्याला हप्ता. आमच्या भावकीत हिशेबाला दादासारखा पक्का माणूस नाही. खताच्या दुकानात पावती छापून यायच्या आत बेरीज सांगायचा. कुणाची वाटणी असो, बांधाचा वाद असो, लोक त्याला बोलावून न्यायचे. त्याच दादानं मागच्या महिन्यात दारात आलेल्या दलालाला दुभती म्हैस देऊन टाकली, तो म्हणेल त्या भावाला, चहा निवायच्या आत. नंतर स्वतःच म्हणतो, मी असं का केलं? आणि दुसरीकडं खोडव्याला खत आता घालायचं की पाऊस बघून, एवढं ठरवायला आठवडा घालवतो. किल्ली कुठं ठेवली आठवत नाही. पहाटे तीनला उठून अंगणात फेऱ्या मारतो. आईवर कधी आवाज चढवला नव्हता, आता चढतो.

घरात सगळे म्हणतात, मन खंबीर कर. काकांनी तर बसवून तासभर समजावलं. त्या रात्री तो जेवलाच नाही.

फोन उघडला की ताणाचं हार्मोन म्हणून कॉर्टिसोल, कॉर्टिसोल. कोण म्हणतं चेहरा सुजतो, कोण पावडर विकतं. मला पावडर नको आहे. मेंदूत नेमकं काय होतं, आणि झालेलं भरून येतं का, एवढं समजून घ्यायचं आहे. माहितगारांनी लिहा, कृपा होईल.

निपाणीकर

ताई, आमच्याकडं तंबाखूचा भाव पडला की घरोघरी हेच चित्र. हार्मोनचं मला कळत नाही. आमच्या आज्यानं दुष्काळ काढले, कर्जं फेडली, त्या लोकांनी धीर सोडला नाही. माझ्या मते आधी धीर, बाकीचं नंतर.

मात्र दोन गोष्टी कामाच्या सांगतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल द्यावं लागतं, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याजासकट. वजनाच्या पावत्या जपून ठेवा आणि डीसी ऑफिसात, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडं, लेखी अर्ज द्या, तोंडी बोलून काही होत नाही. दुसरं, हप्त्यासाठी दारात येऊन कोण दम देत असेल तर कर्नाटक सरकारनं फेब्रुवारी २०२५ मध्ये सक्तीच्या वसुलीविरुद्ध वटहुकूम काढला, पुढं त्याचा कायदा झाला. पोलिसांत तक्रार देता येते. घाबरू नका.

सिस्टर_टिळकवाडी

बाळ, तुझं लिहिणं दोनदा वाचलं. माझी सगळी नोकरी कॅज्युअल्टी आणि आयसीयूत गेली, आता निवृत्त आहे. खाटेशेजारी उभं राहून जे बघितलं आणि या विषयावर जे वाचत आले, दोन्ही सांगते. लांबेल, पण वाच.

आधी एक. दादाची अक्कल गेलेली नाही आणि त्याचा स्वभावही बदललेला नाही. हे घरात मोठ्यानं सांग.

मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात, अधिवृक्क किंवा अ‍ॅड्रेनल. एकेक जेमतेम चार-पाच ग्रॅमची. वसुलीवाल्याची गाडी दारात थांबली की काही सेकंदांत तिथून अ‍ॅड्रेनालिन सुटतं. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, तळहाताला घाम येतो. ते लवकर ओसरतं. पण त्याच्या मागोमाग दुसरी साखळी हललेली असते. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस त्याच्याखालच्या पिच्युटरी ग्रंथीला कळवतो, पिच्युटरी रक्तातून अ‍ॅड्रेनलला कळवते आणि मग कॉर्टिसोल सुटतं. त्याला वेळ लागतो. प्रसंग सुरू झाल्यापासून साधारण वीस ते तीस मिनिटांनी त्याची रक्तातली पातळी सर्वात वर जाते. म्हणजे गाडी निघून गेली, वहिनीनं चहा टाकला, सगळे "गेला एकदाचा" म्हणत बसले, त्या वेळी दादाच्या अंगात कॉर्टिसोल चढतच असतं. शिवाय अ‍ॅड्रेनालिनला रक्तातून मेंदूत सहज शिरता येत नाही, कॉर्टिसोलला येतं. घरच्यांना वाटतं, आता शांत झाला, आता चार शब्द सांगू. तीच वेळ सर्वात वाईट. काकांनी त्याला नेमकं कधी बसवलं होतं, आठवून बघ.

याचा एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. १९९८ चा. उंदरांना पाण्यात लपलेली बसायची जागा शोधायला शिकवली होती. दुसऱ्या दिवशी परीक्षेआधी त्यांना विजेचा हलका झटका दिला. झटक्यानंतर दोन मिनिटांत पाण्यात सोडलेल्यांना जागा सापडली, चार तासांनी सोडलेल्यांनाही सापडली. अर्ध्या तासानं सोडलेल्यांना मात्र पाठ असलेली जागा आठवेना. शिकलेलं पुसलं गेलं नव्हतं, त्या वेळेपुरतं हाताशी येत नव्हतं. दादाची किल्ली तशीच हरवते.

कॉर्टिसोल वाईट नव्हे, त्याच्याशिवाय माणूस जगणार नाही. सकाळी उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते सर्वात जास्त असतं, मध्यरात्रीच्या सुमारास सर्वात कमी. आणि त्याला आवर घालायची सोयही अंगातच आहे. टाकी भरली की मोटर बंद करणारा तरंगता गोळा असतो ना, तशी. पुरेसं कॉर्टिसोल मेंदूत पोचलं की हायपोथॅलॅमस आणि हिप्पोकॅम्पस पुढचं थांबवतात. हिप्पोकॅम्पस म्हणजे आठवणी जुळवणारा भाग. तिथे हे हार्मोन धरणारे रिसेप्टर असतात हे ब्रूस मॅकइवेन या संशोधकांनी १९६८ मध्ये उंदरांत दाखवलं, आणि ताणाचा मेंदूच्या विचारी भागाशी थेट संबंध आहे हे तिथून कळायला लागलं. महिनोन्‌महिने ताण राहिला की तो गोळाच अडकतो. मग रात्रीही पातळी हवी तेवढी उतरत नाही, झोप तुटते, आणि तुटलेल्या झोपेनं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आणखी चढी राहते. पहाटे तीनच्या त्या फेऱ्या मला तुझ्या सगळ्या लिहिण्यात जास्त लागल्या.

आता निर्णयाचं. पुढचा विचार करणं, दोन गोष्टी एकाच वेळी मनात धरून तोलणं, तोंडात आलेला शब्द गिळणं, ही सगळी कामं कपाळामागचा भाग करतो. येल विद्यापीठाच्या एमी आर्न्स्टन यांचं आयुष्यभराचं काम याच भागावर आहे. ताणात मेंदूत नॉरअ‍ॅड्रेनालिन आणि डोपामिन ही निरोप नेणारी रसायनं प्रमाणाबाहेर वाढतात, तेव्हा या भागातल्या पेशींची आपसातली जोडणी ढिली पडते आणि भीतीचा भाग, अमिग्डाला, जोर धरतो. म्हशीचा सौदा या नजरेनं बघ. समोर रोख नोटा. पुढच्या वर्षभराच्या दुधाचा हिशेब ज्या भागानं करायचा, तोच मंद. आईवरचा आवाजही तिथूनच.

आणि खताचं? तेही याच गोष्टीचं दुसरं तोंड आहे. २०१४ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी निरोगी माणसांना आठ दिवस गोळ्या देऊन त्यांचं कॉर्टिसोल चढं ठेवलं. ती माणसं जोखीम घ्यायला पहिल्यापेक्षा जास्त बिचकायला लागली. म्हणजे रेंगाळलेल्या ताणात माणूस धाडसीच होतो असं नाही, तो जागीच अडून बसतो. एकाच माणसात घाई आणि टाळाटाळ दोन्ही दिसल्या की लोक त्याला लहरी म्हणतात. तुम्ही म्हणू नका.

निपाणीकर, तुमचा सल्ला आपुलकीचा आहे आणि बिलाचं सांगितलंत ते सोन्यासारखं आहे. पण धीर धरणं हेसुद्धा त्याच कपाळामागच्या भागाचं काम आहे. दमलेल्या भागाला "तू दमू नकोस" म्हणून तो ताजा होत नाही.

तामिळनाडूतला अभ्यास आपल्या भागातल्या प्रत्येकानं वाचावा असा आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ४६४ ऊस शेतकरी. त्याच माणसांची बुद्धीची आणि लक्ष देण्याची चाचणी दोनदा घेतली, तोडणीआधी हातात पैसा नसताना आणि तोडणीनंतर पैसा मिळाल्यावर. पैसा हातात आल्यावर त्याच माणसांचे गुण स्पष्टपणे वाढले. संशोधकांनी याचं कारण फक्त ताणाचं हार्मोन असं मांडलेलं नाही. पैशाची चिंताच डोक्यातली जागा अडवून बसते, दुसऱ्या विचाराला जागा उरत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला त्यात जे दिसतं ते असं, की ऊसवाल्याचं डोकं बिलाआधी आणि बिलानंतर वेगळं चालतं आणि त्यात त्याचा काही दोष नसतो.

भरून येतं का, विचारलंस. येतं. २००९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मोठ्या परीक्षेला बसणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचा मेंदू तपासला. चार आठवड्यांच्या ताणानं त्यांची लक्ष एका गोष्टीवरून दुसरीकडं वळवायची ताकद घटली होती, कपाळामागच्या भागाची जोडणी कमी पडत होती. ताण गेल्यावर महिन्याभरानं तपासलं तेव्हा ती पूर्ववत झाली होती. दादाचा ताण जास्त लांबलाय, त्याला जास्त वेळ लागेल. पण दिशा तीच.

म्हणून समजावणं थांबवा आणि ओझं कमी करा. बिलाचा अर्ज तू लिही, डीसी ऑफिसात तू किंवा काका जा. हप्त्याच्या दिवशी दारात त्याच्याऐवजी दुसरं कुणी उभं राहू दे. रात्री दहानंतर घरात पैशाचा विषय नको. दारू घेत असेल तर तीही कॉर्टिसोल वाढवते आणि झोप तोडते, पण ते भांडून नको, हळू सांगायचं.

चोर्ला_घाट

सिस्टर, एक शंका हाय. मी रुग्णवाहिका चालवतो. घाटात धुकं, मागं पेशंट, नातेवाईक ओरडतात, तवा माझं डोकं कधी नव्हं इतकं साफ चालतंय. गेअर कुठं, वळण कुठं, सगळं आपोआप. तुमच्या म्हणण्याप्रमाणं ताणात डोकं बंद पडतंय तर मग हे कसं? आणि घरी आल्यावर बायकोनं साधं विचारलं, भाजी काय आणू, तर मला सुचत न्हाई. हे पण सांगा.

सिस्टर_टिळकवाडी

भाऊ, फार नेमकं विचारलंत. तुमच्याच दोन उदाहरणांत उत्तर आहे.

१९०८ मध्ये यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी उंदरांवर बघितलं की काम सोपं असेल तर जोराचा ताण मदत करतो, काम गुंतागुंतीचं असेल तर तोच ताण शिकणं बिघडवतो. चोर्ल्याचा घाट माझ्यासाठी अवघड. तुमच्या हातापायांना तो पाठ आहे. ताणात मेंदू तोलून विचार करण्याकडून सवयीकडं वळतो. २००९ मध्ये पोर्तुगालमधल्या संशोधकांनी हे उंदरांत दाखवलं. बरेच दिवस ताणात ठेवलेले उंदीर पोट भरलेलं असतानाही खाण्याची कळ दाबतच राहिले, आणि सवयीचं काम करणारा मेंदूचा भाग त्यांच्यात वाढलेला दिसला, तोलणारा आकसलेला.

सवय योग्य असेल तर हे वरदान. कॅज्युअल्टीत हृदय थांबलेला पेशंट आला की आम्ही विचार करत बसत नाही. कोण छाती दाबणार, कोण सुई लावणार, कोण वेळ लिहिणार, हे शांत दिवशी ठरलेलं आणि घोकलेलं असतं. तुमची वळणं तशीच. पण म्हैस विकायची की नाही याला घोकलेलं उत्तर नसतं. भाजीलाही नसतं, आणि तुम्ही घरी पोचता तेव्हा कॉर्टिसोल अजून उतरलेलं नसतं. घरी सांगून ठेवा, ड्युटीवरून आल्यावर तासभर मला काही विचारू नका. आणि घाटात गाडी थांबवायला जागा मिळाली की श्वास लांब सोडायची सवय लावा, आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ. त्यानं हृदयाला शांत करणाऱ्या व्हेगस नसेचं काम वाढतं, ठोके उतरतात.

बाळ, यातून तुझ्या घरासाठीही निघतं. घोकलेलं उत्तर आधीच तयार करा. एखाद्या बऱ्या सकाळी, दादा झोपून उठलेला असताना, दोघांनी मिळून वहीत लिहा: जनावर, जमीन, सोनं आणि नवीन कर्ज, यातलं काहीही त्याच दिवशी ठरवायचं नाही. दलाल कितीही म्हणाला तरी "बहिणीला विचारून उद्या सांगतो" हे एकच वाक्य. ताणात नवीन विचार सुचत नाही, पाठ केलेलं वाक्य तोंडात येतं. खताचंही तसंच. कृषी खात्याच्या माणसाला विचारून तारीख लिहून टाका, मग रोज ठरवायची पाळी येणार नाही.

आणि एक विचारते, रागावू नकोस. "माझ्याशिवाय तुमचं बरं होईल", "सुटलो एकदाचा" अशा अर्थाचं तो काही बोलतो का? बोलत असेल किंवा तुला नुसती शंका असेल तरी त्याला सरळ विचार, जीव द्यावासा वाटतो का म्हणून. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. आतून कोंडलेल्या माणसाला उलट बोलायला वाट मिळते. आणि शेतातली फवारणीची औषधं आजच्या आज दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेव. असा झटका पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो, तेवढ्यात हाताशी विष नसलं तर माणूस वाचतो. हे मी अगदी खात्रीनं सांगते. टेली मानस, १४४१६, फोन फुकट आहे, दिवसरात्र चालतो. धारवाडला मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था आहे, बेळगावातही मानसोपचाराचे डॉक्टर आहेत.

हिरण्यकेशीकाठ

सिस्टर, काय लिहू. आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोराला उगाच बोललो.

विचारलं मी त्याला. सरळ विचारलं. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, जीव द्यावा असं नाही, पण पळून जावं वाटतं. औषधं काकांच्या गोठ्यात कुलपात ठेवली. अर्ज लिहायला घेतलाय, निपाणीकर दादा, पावत्या सगळ्या सापडल्या.

दोन शंका राहिल्या. कॉर्टिसोलची रक्त तपासणी करून घेऊ का? आणि दुसरं म्हणजे, आई गुडघ्यासाठी बाजाराच्या दिवशी एकाकडून पुड्या आणते, त्यावर नाव काही नसतं. दादाही कंबरेसाठी त्यातल्या घेतो हे काल कळलं. बरेच महिने झाले म्हणे. याचा काही संबंध?

सिस्टर_टिळकवाडी

पळून जावंसं वाटतं, एवढं त्यानं तुला सांगितलं हेच फार मोठं आहे. रोज थोडा वेळ त्याच्याजवळ बस, उपदेश न करता.

एरवी मी म्हटलं असतं, तपासणी नको. कॉर्टिसोल दिवसभर वरखाली होत असतं, सुई बघूनही चढतं. एका आकड्यावरून ताण किती हे कळत नाही. ती तपासणी कुशिंगसारख्या, म्हणजे अंगात कॉर्टिसोल फार वाढतं अशा, आजाराची शंका असेल तेव्हा, किंवा ग्रंथी काम करते का ते बघायचं असेल तेव्हा, ठरावीक वेळेला आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून करायची असते.

पण पुड्यांनी सगळं बदललं. गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉईड असतं, प्रेडनिसोलोन नाहीतर डेक्सामेथासोन. म्हणजे कॉर्टिसोलचंच काम करणारं औषध, बाहेरून. म्हणून तर एका दिवसात दुखणं थांबतं. त्यानं झोप उडते, चिडचिड वाढते, विसरायला होतं, काहींची मनःस्थिती पार बिघडते, साखर आणि बीपी चढतं. दादाच्या तक्रारींतला काही भाग ताणाचा आणि काही भाग पुडीचा असू शकतो, आणि आईचीही साखर तपासायला हवी.

आता नीट वाच. पुड्या एकदम बंद करू नका, आईच्याही नाही आणि दादाच्याही नाही. स्टेरॉईड बरेच आठवडे बाहेरून मिळालं की अंगातली ग्रंथी स्वतःचं काम थांबवते. ते अचानक तोडलं तर थकवा, उलट्या होतात, बीपी कोसळतं, जिवावरही बेततं. उरलेल्या पुड्या फेकूही नका. त्या घेऊन दोघांना उद्याच एमडी मेडिसिनच्या डॉक्टरांकडं ने आणि किती महिने, दिवसाला किती, हे कागदावर लिहून ने. सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसोल तपासायचं का, डोस कसा उतरवायचा, हे ते ठरवतील. चक्कर, उलट्या किंवा गळून गेल्यासारखं वाटलं तर तिथे जाईपर्यंतही थांबू नको, सरळ कॅज्युअल्टी गाठ आणि पोचल्याबरोबर पहिलं वाक्य "स्टेरॉईडच्या पुड्या चालू असण्याची शंका आहे" हे सांग.